आकडा वाढला, पण निदान झाले का?

रक्ततपासणीच्या कागदावर एसजीपीटीच्या आकड्यापुढे ठळक खूण दिसली, की ‘लिव्हर खराब झाले’ ही वार्ता घरभर आधी पसरते आणि रुग्ण दवाखान्यात नंतर येतो. वस्तुतः वाढलेला आकडा ही खूण आहे. रोगाचे नाव नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगवर्गीकरणात हा भेद स्पष्ट आहे. एसजीओटी-एसजीपीटी वाढले, परंतु कारण ठरले नाही, तर संकेतांक ‘आर ७४.०’; यकृताच्या कार्यचाचण्या बिघडल्या असतील तर ‘आर ९४.५’. कारण निश्चित झाले की नोंद बदलते: मेदयुक्त यकृतास ‘के ७६.०’, औषधजन्य विकारास ‘के ७१’, मद्यजन्य विकारास ‘के ७०’.

एका अक्षराने काय बिघडते? आयुष्यात मद्याला न शिवलेल्या आजोबांच्या कागदावर घाईने ‘के ७०’ पडले, तर विम्याचा दावा अडतो आणि घरात विनाकारण संशय शिरतो. उलट, ‘आर’ची नोंद वर्षानुवर्षे तशीच राहिली, तर कावीळ ‘ब’ आणि ‘क’ची तपासणी राहून जाते व दुखणे आतल्या आत वाढते.

कारण शोधताना डॉक्टरांना आपलीच माहिती हवी असते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधे यकृतास बाधू शकतात. पॅरासिटामॉलचा अतिरेकही घातक असतो. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना यकृतदाह झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. म्हणून घरगुती काढाही लपवू नये. एसजीओटी तर स्नायूंतही असते. अतिश्रमानंतर ते वाढू शकते.

आपल्या बीड जिल्ह्यात हे विशेष महत्त्वाचे आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक घरांतील कर्ती माणसे ऊसतोडीला जातात आणि वृद्ध गावी राहतात. दवाखान्यात कधी सून सोबत असते, कधी शेजारी. डॉक्टर बदलले की मागची हकिकत हरवते. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात:

• सर्व अहवाल तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावावेत.
• चालू गोळ्या, काढे, मद्यपान यांची खरी नोंद पहिल्या पानावर ठेवावी.
• ‘हे निदान निश्चित आहे की तपास चालू आहे?’ असे डॉक्टरांना विचारावे आणि पुढील तपासणीची तारीख लिहून घ्यावी.
• रुग्णालयातून घरी जाताना डिस्चार्ज कार्ड वाचून घ्यावे. चूक आढळल्यास तेथेच दुरुस्ती मागावी.

दाखल रुग्णाची कागदपत्रे ३ वर्षे जपणे आणि मागणी केल्यास ७२ तासांत देणे हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. ती मागण्यात संकोच नसावा.

मात्र डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, पोट फुगणे, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास फाइल जुळवत बसू नये. रुग्णास त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे.