सात दिवसांत चुलीवर काय शिजलं?

लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासितांचं कसं चाललंय, याची घरोघर पाहणी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था 2013पासून करत आल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासकाला ती पद्धत वापरायला लांब जावं लागत नाही. पैठण, गंगापूर, कन्नडकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. हे लोक निर्वासित नव्हेत, त्यांना परतायला गाव आहे. पण परमुलखात, दुसऱ्याच्या रानात, खोपीत संसार मांडणं तेच.

पहिली अडचण यादीची. पाहणीसाठी घरं निवडायची तर आधी सगळी घरं कागदावर हवीत. लेबनॉन सरकारने मे 2015मध्ये निर्वासितांची नवी नोंदणी थांबवायला लावली, त्यामुळे नंतर आलेले यादीबाहेर राहिले. ऊसतोड्यांची नावं गावच्या रेशनकार्डावर आणि टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत. फड असतो त्या गावात ती कुठेच नसतात. मुकादमाची वही घेऊन निघालं तर तो दाखवील तेवढीच घरं दिसतील. त्यापेक्षा शिवार पायी फिरून खोपी मोजाव्यात, त्यांना क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून घरं निवडावीत.

मग प्रश्न. ‘खायला पुरतं का?’ असं विचारलं की पाहुण्यासमोर सगळे ‘हो’च म्हणतात. म्हणून गेल्या सात दिवसांत काय काय खाल्लं आणि किती दिवस, हे विचारतात. दिवसांना ठरलेल्या गुणांनी गुणायचं: धान्य 2, डाळ 3, भाजी 1, फळं 1, मांस-मासे-अंडी 4, दूध 4, तेल आणि साखर अर्धा-अर्धा. समजा भाकरी सातही दिवस (14), डाळ दोन दिवस (6), भाजी तीन दिवस (3), तेल आणि चहातली साखर रोज (7). बेरीज 30. चहातलं दूध धरायचं नाही, ते घोटभरच असतं. जिथे तेल-साखर रोजची असते तिथे 28पर्यंत हलाखी आणि 42च्या वर बरं मानतात. हे घर अधल्यामधल्या पट्टीत, काठावर.

मला त्याहून मोलाचे वाटतात ते पुढचे पाच प्रश्न. हलकं अन्न खाल्लं का, उसनं आणलं का, घास कमी केले का, एखादं जेवण टाळलं का, मुलांसाठी मोठे अर्धपोटी राहिले का? यातल्या शेवटच्याला सर्वाधिक, म्हणजे 3 गुण. तो घरच्या बाईलाच विचारावा, आणि ती फडावरून आली की लगेच नाही. आधी तिला चूल पेटवू द्यावी.

मिळकतीचा रकाना इथे नव्याने आखावा लागतो. टनामागची मजुरी बरेचदा आगाऊ घेतलेल्या उचलीतच वळती होते. हातात रोकड येते ती वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून, आणि बाहेरून आणलेल्या प्रश्नावलीत वाढ्यांना जागाच नसते.

आरोग्याचं तर विचारल्याशिवाय कळतच नाही. 2019मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची माहिती पाहिली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. असा प्रश्न मुकादमासमोर, नवऱ्यासमोर विचारून उत्तर मिळत नाही. त्यासाठी टोळीत बाई प्रश्नकर्तीच पाठवावी, आणि मुलाखत खोपीपासून दूर घ्यावी.