अकस्मात लक्ष्मी आणि उद्यमाची परीक्षा

घरात एकाएकी पैसा आला की नवा धंदा निघालाच पाहिजे, अशी समजूत आपल्याकडे बळावत आहे. रस्त्यासाठी जमीन गेली, मोबदला हाती पडला, की भाऊबंद, दलाल व हितचिंतक ह्यांची दाराशी रीघ लागते; कोणी हॉटेल काढ म्हणतो, कोणी मंगल कार्यालय. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदल्याची वाट मोकळी केली, हे न्याय्यच झाले. परंतु जमीन हा पिढीजात धंदा होता. ती जाऊन आलेली रक्कम म्हणजे धंदा नव्हे, हे विसरून कसे चालेल?

मग भांडवल निरर्थक काय? मुळीच नव्हे. दाखला करवीरातच आहे. राजवाड्यातील नोकर गंगाराम कांबळे ह्यांस पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांस स्वतंत्र धंदा काढावयास सांगून साह्य केले. भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल निघाले. पण अस्पृश्य मानलेल्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तेथे चहा घेऊ लागले व बरोबरच्या मंडळींसही पाजू लागले. नुसते द्रव्य देऊन महाराज स्वस्थ बसते, तर ते दुकान ओस पडते, ह्यात आम्हांस संशय नाही.

तात्पर्य, पैशाने दुकान उघडते. चालते ते गिऱ्हाईक, कसब आणि पत ह्यांवर. अमेरिकेतील हर्स्ट व लुसार्दी ह्या अर्थशास्त्रज्ञांनीही २००४ साली दाखविले की, अतिश्रीमंत घरे वगळता, संपत्तीच्या कमीअधिकपणाने धंदा काढण्याचा संभव फारसा बदलत नाही.

म्हणून एकट्याने उडी घेण्यापूर्वी पुण्याजवळील हडपसरकडे पाहावे. तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून कंपनी स्थापिली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि मगरपट्टा वसविला. जमीन विकून ते मोकळे झाले नाहीत. मालकीही राखली आणि धंदाही शिकले. सहकारी साखर कारखान्यांच्या आमच्या जिल्ह्यास भाग जमवून उद्योग उभारणे काही नवे नाही.

मोबदला मिळालेल्या घरांस आमचे सांगणे एवढेच: पहिले वर्ष मुद्दलास हात लावू नये. मुलास उद्यमनगरातील एखाद्या कारखान्यात उमेदवारी करू द्यावी, घरातील स्त्रियांचे मत घ्यावे, मग धंद्याचे नाव काढावे. लक्ष्मी एकदाच दारी आली आहे. तिला बसावयास पाट तरी आधी मांडावा.