उन्हाळा त्यांचा, पावसाळा आपला!

गेल्या दिवाळीत इंदूरच्या मावशीकडे फराळाला बसलो होतो. माझी मावसबहीण लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने चकलीचा तुकडा मोडता मोडता जाहीर केलं, "मला उन्हाळ्यात हेगला जायचंय. तीन आठवडे. इंटरनॅशनल लॉ शिकायला." काकांनी लगेच खर्च विचारला. मावशीने मात्र वेगळंच विचारलं, "तिथला कायदा शिकून इथल्या कोर्टात काय करणार गं?"

सगळे हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. तुमच्याही घरात कुणी लॉ करत असेल, तर तो आज ना उद्या येणारच. म्हणून म्हटलं, जरा नीट बघूया.

हेग हे नेदरलँड्समधलं समुद्राजवळचं शहर. तिथे १९१३ साली उघडलेला पीस पॅलेस आहे. अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकन उद्योगपतीने त्यासाठी १५ लाख डॉलर दिले होते. इटलीचा संगमरवर, स्वित्झर्लंडचं घड्याळ असं देशोदेशींनी काहीबाही पाठवलं, म्हणजे एका अर्थी वर्गणी काढूनच सजवलेली वास्तू! आंतरराष्ट्रीय न्यायालय याच इमारतीत बसतं. आणि याच आवारात १९२३ पासून हेग अकॅडमी ऑफ इंटरनॅशनल लॉचे उन्हाळी वर्ग भरतात. जगभरातून विद्यार्थी, वकील आणि सरकारी अधिकारी येतात. व्याख्यानं इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये होतात आणि कानाला लावायला दुभाष्याचा हेडफोन मिळतो.

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. कुलभूषण जाधव आठवतात ना? भारतीय नौदलाचे माजी अधिकारी. पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने त्यांना फाशी सुनावली, तेव्हा मे २०१७ मध्ये भारत याच पीस पॅलेसमध्ये गेला. नागपुरात वाढलेले हरीश साळवे भारतातर्फे १ रुपया फी घेऊन उभे राहिले. सगळा वाद फिरत होता तो १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाभोवती. परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधता आला पाहिजे, असं ते कलम सांगतं. १७ जुलै २०१९ ला निकाल लागला, १५ विरुद्ध १. पाकिस्तानने कलम मोडलं, शिक्षेचा फेरविचार होईपर्यंत फाशी थांबवा. पुस्तकातलं एक रुक्ष कलम, आणि त्याच्यावर एका माणसाचा जीव टांगलेला. हे ऐकल्यावर मावशी गप्प झाली. पुन्हा चकली घेतली, पण गप्प.

तरीही एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. तीन आठवड्यांच्या कोर्सने वकिलीची सनद मिळत नाही. हातात पडतं ते हजेरीचं प्रमाणपत्र. अकॅडमीचा डिप्लोमाही आहे, पण त्याची परीक्षा इतकी कडक असते की फार थोडे त्यात पास होतात. इंटरनेटवर 'समर लॉ अब्रॉड'च्या जाहिराती दिसतात, त्यातल्या बऱ्याच अमेरिकन लॉ स्कूलच्या असतात. तिथले क्रेडिट अमेरिकन विद्यार्थ्यांच्या पदवीत धरले जातात. आपलं कॉलेज ते धरेलच असं नाही. पैसे भरण्याआधी कॉलेजकडून लेखी विचारून घ्या, तोंडी "हो हो" चालत नाही.

खरी मेख पुढेच आहे, आणि ती जाहिरातीत कुठेच नसते. आपली उन्हाळी सुट्टी मे महिन्यात. हेगचे वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये! म्हणजे त्यांचा उन्हाळा असतो तेव्हा आपल्याकडे कॉलेज सुरू होऊन छत्र्या बाहेर आलेल्या असतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीची अट आहे. हिशेब करून बघा. एका विषयाचे ६० तास असतील, तर १८ बुडवता येतात. आठवड्याला पाच तास धरले तर तीन आठवड्यांत १५ गेले. उरले फक्त तीन, त्यात प्रवास आला, ताप आला, घरातलं लग्न आलं. बहिणीने हा हिशेब मांडला आणि तिचाच चेहरा उतरला.

मग वाट सापडली ती शेवटच्या वर्षात. पाचव्या वर्षाची परीक्षा झाली की जुलै मोकळा असतो आणि हजेरीची कटकट संपलेली असते. अकॅडमीचे हिवाळी वर्गही २०१९ पासून जानेवारीत भरतात, पण तेव्हा पुन्हा कॉलेज आडवं येतं.

अर्ज मात्र आदल्या हिवाळ्यातच करायचा असतो. शिष्यवृत्त्याही तेव्हाच मागायच्या. त्या मोजक्याच असतात, पण मागायला लाजू नका. नेदरलँड्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. शेवटच्या तारखेपर्यंत थांबण्याचं धाडस कुणी करू नये. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो आहे, शिवाय निदान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. काकांनी हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.

"जेवणाचं काय?" हा मावशीचा पुढचा प्रश्न होताच. सुरिनाममधून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची हेगमध्ये मोठी वस्ती आहे, त्यामुळे रोटी-भाजी मिळते. जुलैत तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही. पोरगी अंधार पडल्यावर घरी आली का, असं विचारायची तिला सवय आहे.

तोवर दोन वर्षं नुसतं थांबायचं नाही, असं बहिणीने ठरवलंय. संयुक्त राष्ट्रांच्या ऑडिओव्हिज्युअल लायब्ररीत आंतरराष्ट्रीय कायद्यावरची व्याख्यानं फुकट आहेत. रोज रात्री जेवणं झाली की ती एक लावते. परवा फोन केला, तर मागून मावशीचाच आवाज आला, "थांब, ते छत्तीसावं कलम संपू दे!"