मोटारीतील स्टिरिओ आणि न ऐकू येणारा दोष

मारुती ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय रस्त्यांवर आली, आणि त्यानंतर बराच काळ मध्यमवर्गीय घरात गाडी येणे आणि त्या गाडीत गाणे येणे या दोन वेगळ्या घटना राहिल्या. स्वस्त प्रतींच्या डॅशबोर्डमध्ये रेडिओच्या जागी प्लास्टिकचे एक झाकण असे, आणि पेढे वाटून झाल्यावर मालक गाडी घेऊन ‘टेप बसवायला’ दुकानात जाई. कारखान्यात न बसवता विक्रीनंतर बाहेरून बसवल्या जाणाऱ्या अशा साधनांना व्यापारात आफ्टरमार्केट म्हणतात. पुण्याच्या नाना पेठेसारख्या भागांत त्यांच्यावर एक संपूर्ण बाजार उभा राहिला. कॅसेट गेली, सीडी गेली, आता स्पर्शाने चालणारा पडदा आला. तरीही डॅश उघडणे, तारा ओळखणे, जोडणे आणि काहीही न मोडता तो पुन्हा बंद करणे हे फिटरचे काम मूलतः तेच राहिले आहे. ही विद्या आजही मुख्यतः दुसऱ्याच्या हाताखाली राहूनच शिकली जाते.

या यंत्राचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. शिकागो येथील गॅल्विन बंधूंच्या कंपनीने १९३० मध्ये मोटोरोला या नावाने मोटारीसाठीचा रेडिओ विक्रीस आणला. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा एएस-५ हा रेडिओ आला; त्याची किंमत ४६५ राइशमार्क, म्हणजे त्या वेळच्या एका मोटारीच्या सुमारे एक-तृतीयांश होती. फिटरच्या दृष्टीने मात्र खरी क्रांती ध्वनीची नव्हे, मापाची होती. जर्मन मानक संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘डिन’ म्हटला जाणारा सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच खाचा जगभर रूढ झाला, त्याच्या दुप्पट उंचीचा ‘डबल डिन’ पुढे आला, आणि कोणत्याही कंपनीचा स्टिरिओ कोणत्याही कंपनीच्या गाडीत बसण्याची शक्यता त्यामुळेच निर्माण झाली. खाचा आणि यंत्र यांच्यामधली फट झाकण्यासाठी प्रत्येक मॉडेलची वेगळी प्लास्टिक फ्रेम मिळते, आणि दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या अशा फ्रेमांवरून त्या भागात कोणत्या गाड्या जास्त आहेत याचा अंदाज बांधता येतो.

तारांचे मानकीकरणही झाले, परंतु अर्धवट. बाहेरच्या स्टिरिओत पिवळी तार बॅटरीच्या कायम करंटची, लाल तार चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटची आणि काळी अर्थची असते. स्पीकरसाठी पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी अशा चार जोड्या असतात व प्रत्येक जोडीतील काळ्या रेघेची तार ऋण समजली जाते. पिवळ्या तारेमुळे यंत्राची स्मृती टिकते, म्हणजे घड्याळाची वेळ, रेडिओची स्टेशने आणि जोडलेले फोन त्याच्या लक्षात राहतात. लाल तार त्याला जागे करते. फोक्सवॅगनच्या अनेक जुन्या गाड्यांत या दोन जोडण्यांची जागा प्रचलित मानकाच्या उलट असल्याने, कपलरला कपलर बिनचूक बसूनही चावी काढताच यंत्र सारे विसरून जाते; आणि कपलर म्हणजे नुसता खटका नव्हे, त्यामागची प्रत्येक तार टेस्टलॅम्पने तपासायची असते, हा धडा नवा फिटर बहुधा अशाच एखाद्या गाडीवर घेतो. जोड कसा घातला हेही महत्त्वाचे. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड पहिल्या दिवशी उत्तम चालतो, परंतु उन्हात उभ्या गाडीच्या डॅशमागील उष्णतेत टेपचा चिकटपणा वितळतो आणि टेप सुटते. डाग दिलेला किंवा दाबून बसवलेला आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवलेला जोड तेथे टिकतो. दोन्हींतील फरक डॅश बंद झाल्यावर कोणालाही दिसत नाही.

हा न दिसण्याचा प्रश्न हँड्स-फ्री मायक्रोफोनच्या बाबतीत सर्वांत तीव्र होतो. फोन हातात न धरता गाडीच्या स्पीकरमधून ऐकण्याची आणि वेगळ्या मायक्रोफोनमध्ये बोलण्याची ही सोय ब्लूटूथ या अल्पपल्ल्याच्या रेडिओ तंत्रामुळे सर्वत्र पोहोचली, आणि आज साध्या स्टिरिओच्या खोक्यातही सुमारे तीन मीटर तारेच्या टोकाला जोडलेली, हरभऱ्याएवढी एक डबी मिळते. ग्राहक पडदा पाहतो, वॅट विचारतो, वूफर दाबून पाहतो. या डबीकडे त्याचे लक्ष जात नाही, आणि पुष्कळदा फिटरचेही जात नाही.

डबीच्या आतील तत्त्व १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी विकसित केले. टेफ्लॉनसारख्या पातळ पडद्यात विद्युतभार कायमचा साठवून ठेवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की त्याच्यात आणि मागील धातूच्या पट्टीत असलेले अंतर बदलते आणि त्या बदलातून अतिशय क्षीण विद्युतसंकेत मिळतो. अशा भारित पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. डबीतच बसवलेला एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर हा संकेत तारेतून जाण्याइतका सबळ करतो आणि त्यासाठी लागणारा काही व्होल्टचा पुरवठा स्टिरिओ त्याच तारेतून करतो. तारेतून परत येणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असल्याने ती तार वीजपुरवठ्याच्या जाड तारेला समांतर, एकाच जुडग्यात बांधली तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी अल्टरनेटरची शीळ तिच्यात शिरू शकते. दोन्ही तारा शक्यतो दूर ठेवाव्यात आणि ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात, हा नियम जुन्या फिटरला पाठ असतो.

खरा प्रश्न मात्र जागेचा आहे. मोकळ्या हवेत उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीचा दाब निम्मा होतो, म्हणजे ध्वनिमापनाच्या भाषेत सहा डेसिबलने घटतो. चालकाच्या तोंडापासून ३० सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन ६० सेंटिमीटरवर नेला तर त्याचा शब्द तितका उतरतो, पण टायरचा, पंख्याचा आणि वाऱ्याचा आवाज चहूबाजूंनी येत असल्याने जवळपास तेवढाच राहतो. म्हणूनच सन व्हायजरजवळ छताच्या कडेला, चालकाच्या बाजूच्या, पुढच्या काचेलगतच्या खांबाच्या म्हणजे पिलरच्या वरच्या टोकाला किंवा स्टिअरिंग कॉलमवर डबी बसवण्याची शिफारस केली जाते. यांपैकी प्रत्येक जागेची किंमत मोजावी लागते. छताकडे जायचे तर पिलरचे अस्तर उघडावे लागते. स्टिअरिंग कॉलमवर डबी तोंडाच्या जवळ येते, पण वळताना हात तिच्यासमोरून जातो आणि एसीच्या झोताचा फटकारा तिला लागू शकतो. आणि डॅशवर नुसती चिकटवली तर डॅशचा थरथराट तिच्यात उतरतो. सर्वांत सोपा पर्याय म्हणजे डबी खोक्यातच ठेवून स्टिरिओच्या दर्शनी पट्टीवरील बारीक भोकामागे असलेल्या अंगभूत मायक्रोफोनवर भागवणे. तो तोंडापासून दूर असतो आणि त्याचा रोखही चालकाकडे नसतो, तरीही घाईच्या दिवशी हाच पर्याय निवडला जातो.

आवाज पकडण्याइतकाच दुसरा, अधिक हट्टी प्रश्न प्रतिध्वनीचा आहे. पलीकडच्या माणसाचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, काचेवर आणि छतावर आपटतो, मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि काही क्षणांनी त्याच माणसाकडे परत जातो. यावरचा उपाय मोटारीसाठी नव्हे, दूर पल्ल्याच्या टेलिफोनसाठी, विशेषतः उपग्रहमार्गे होणाऱ्या संभाषणांसाठी शोधला गेला, आणि त्यात बेल प्रयोगशाळेतील भारतीय वंशाचे अभियंते मन मोहन सोंधी यांचा १९६७ मधील निबंध पायाभूत मानला जातो. कल्पना अशी की, स्पीकरकडे कोणता संकेत जात आहे हे यंत्राला ठाऊक असतेच. तो संकेत गाडीच्या अंतर्भागातून फिरून मायक्रोफोनपर्यंत कोणत्या रूपात पोहोचेल याचा अंदाज बांधायचा, तो आलेल्या ध्वनीतून वजा करायचा आणि जे उरेल त्यावरून अंदाज सतत सुधारत राहायचे. काच खाली केली किंवा मागे तीन माणसे येऊन बसली की ध्वनीचा मार्ग बदलतो आणि गणित पुन्हा जुळवावे लागते.

या गणिताचे एक गृहीतक खोक्यावरच्या जाहिरातीशी थेट भांडते. वजाबाकी अचूक होण्यासाठी स्पीकरने संकेत विकृत न करता वाजवणे आवश्यक असते. खोक्यावर बहुधा ‘४ × ५० वॅट’ छापलेले असते; पण इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला शुद्ध लहरीच्या रूपात सुमारे २६ वॅटच देता येतात, आणि ५० चा आकडा लहरीचा माथा पूर्ण कापून तिचा चौकोन होईल तेव्हाच गाठला जातो. गाणी ऐकताना कापलेली लहर काहींना आवडतेही. कॉल चालू असताना मात्र आवाज त्या टोकाला नेला की स्पीकरमधून बाहेर पडणारा ध्वनी यंत्राच्या अंदाजापेक्षा वेगळा होतो, वजाबाकी फसते आणि पलीकडच्याला स्वतःचेच फाटके शब्द ऐकू येतात. अशा वेळी चांगला फिटर मायक्रोफोन बदलण्याआधी कॉलचा आवाज दोन पायऱ्या खाली आणायला सांगतो, आणि ग्राहकाला तो टाळाटाळ करतो आहे असे वाटते.

मायक्रोफोनचे वैशिष्ट्य असे की त्यातला दोष ज्याच्या गाडीत आहे त्याला कधीच ऐकू येत नाही. स्पीकर खरखरला तर मालक त्याच संध्याकाळी परत येतो. मायक्रोफोन वाईट असेल तर त्रास पलीकडच्याला होतो. तो ‘विहिरीतून बोलल्यासारखं येतंय’ म्हणतो, दोघे मिळून नेटवर्कला दोष देतात आणि विषय संपतो. दुकानातील चाचणीही या आंधळेपणाला साथ देते: गाडी उभी, इंजिन बंद, एसी बंद, काचा वर, आणि चार पावलांवरच्या सहकाऱ्याला लावलेला फोन. अशा शांततेत दर्शनी पट्टीवरचे भोकही उत्तीर्ण होते. पंखा तिसऱ्या टप्प्यावर ठेवून काँक्रीटच्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने केलेला कॉल ही खरी परीक्षा, आणि ती दुकानाच्या हिशेबात बसत नाही. काळ्या टेपच्या जोडाप्रमाणेच येथेही कसब आणि कामचुकारपणा ग्राहकाला सारखेच दिसतात. फिटरला बांधून ठेवणारी गोष्ट त्याच्या स्वतःच्या समाधानापलीकडे फारशी उरत नाही.

नव्या गाड्यांनी हे काम अधिक अवघड केले आहे. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली कॅन ही पद्धत, म्हणजे गाडीतील अनेक नियंत्रकांनी दोन तारांवरून एकमेकांशी बोलण्याची व्यवस्था, आता सामान्य मोटारींतही आहे. पूर्वी स्टिअरिंगवरील प्रत्येक बटणामागे वेगळ्या मूल्याचा रोध असे आणि कोणते बटण दाबल्यावर किती व्होल्ट येतात हे स्टिरिओला एकदा शिकवले की भागत असे. आता बटणाचा संदेशच अंकांच्या रूपात येतो आणि तो उलगडण्यासाठी त्या मॉडेलचा वेगळा कॅनबस डबा लागतो. काही गाड्यांत चावीचा करंट देणारी स्वतंत्र तारच स्टिरिओपर्यंत येत नाही. मूळ पडद्यातच एसीचे नियंत्रण, मागचा कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग असतील तर तो काढल्याने त्या सोयीही जातात. कारखान्याने छतात बसवलेला मायक्रोफोन जागेच्या दृष्टीने उत्तम असतो, पण त्याचा वीजपुरवठा आणि जोडणी नव्या यंत्राशी जुळेलच असे नसल्याने पुष्कळदा चांगली जागा सोडून पुन्हा खोक्यातल्या डबीकडे वळावे लागते. तार कापली तर विद्युत दुरुस्तीची वॉरंटी नाकारली जाण्याची भीती असते, म्हणून ‘वायर कट न करता’ ही आता दुकानांची मुख्य जाहिरात झाली आहे.

पिलरचा प्रश्न याहून गंभीर आहे. पडद्यासारखी उघडणारी कर्टन एअरबॅग असलेल्या गाड्यांत ती छताच्या कडेने, आणि बहुधा पुढच्या पिलरच्या अस्तरामागूनही, गुंडाळलेली असते. मायक्रोफोनची तार तिच्यावरून किंवा तिच्या उघडण्याच्या मार्गातून नेली, अथवा अस्तराची विशिष्ट क्लिप मोडून तेथे साधी क्लिप ठोकली, तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग नीट उघडेलच अशी खात्री राहत नाही. तार तिच्या मागून, मूळ तारांच्या वाटेने आणि त्यांच्याच बांधण्यांना धरून न्यावी लागते. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणाच्या तारा व कपलर यांना टेस्टलॅम्प लावायचा नसतो, आणि त्या भागात हात घालण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडून यंत्रणेत साठलेला विद्युतभार उतरेपर्यंत थांबायचे असते. तासाभरात गाडी मोकळी करून देण्याच्या धंद्यात हे थांबणे अवघड जाते.

एवढे सारे पाळून मायक्रोफोन निर्दोष बसवला तरी एक अडचण उरते, आणि ती फिटरच्या हातात नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालवताना हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो आणि पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कारावास होऊ शकतो. या कलमाचा रोख हातावर आहे, आणि आजच्या हँड्स-फ्री विक्रीला त्याचाच आधार मिळतो. संशोधनाचा रोख मात्र लक्षावर आहे. रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी टोरांटो येथे केलेल्या १९९७ च्या अभ्यासात फोनवर बोलताना टक्कर होण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली आणि हँड्स-फ्री फोन अधिक सुरक्षित असल्याचा पुरावा मिळाला नाही. युटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही फोन हातात असो वा नसो, संभाषणात गुंतलेल्यांकडून सिग्नल चुकण्याचे प्रमाण सारखेच वाढलेले दिसले. वाईट मायक्रोफोनमुळे चालक पुढे वाकतो, आवाज चढवतो, तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणतो; चांगल्या जोडणीने एवढा भार निश्चित कमी होतो, पण संभाषणाचा भार तसाच राहतो. अनेक यंत्रांत येणारा कॉल आपोआप उचलण्याची सोय असते. गाडी परत देताना ती चालू आहे की बंद हे पाहून ग्राहकाला विचारणे कोणत्याही जोडणीपुस्तिकेतील पायरी म्हणून गणले जात नाही, आणि ते काम दोन बटणांचेच आहे.