चिलिका सरोवराचे हिवाळी पाहुणे

पाणथळ जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, असा समज अद्याप अनेक ठिकाणी आढळतो. ज्या चिखलात पीक येत नाही आणि होडीही धड चालत नाही, त्याचा उपयोग काय, असे विचारले जाते. ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिलिका सरोवराचा अलीकडचा इतिहास या प्रश्नाचे समर्पक उत्तर देतो.

चिलिका हे खारकच्छ होय. म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून अलग झालेले उथळ सरोवर. पुरी, खोर्धा व गंजाम या जिल्ह्यांत ते पसरलेले असून त्याचे क्षेत्र उन्हाळ्यात सुमारे ९०० व पावसाळ्यात सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असते. एकीकडून दया, भार्गवी या महानदीच्या शाखा गोडे पाणी आणतात, तर दुसरीकडून मुखावाटे भरतीचे खारे पाणी आत येते. या दोन पाण्यांच्या मेळावरच तेथील मासळी, पाणवनस्पती व पक्षी अवलंबून असतात. हिवाळ्यात मध्य आशिया, मंगोलिया व बैकल सरोवराच्या परिसरातून पट्टकादंब, तलवार बदक, चक्रवाक, पाणटिवळे असे पक्षी येथे उतरतात.

मुख बुजले, सरोवर खंगले

१९८१ साली चिलिकाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर करारान्वये मान्यता मिळाली. परंतु नद्यांनी आणलेला गाळ आत साचत होता आणि समुद्राच्या लाटा वाळू आणून मुख बुजवीत होत्या. सरोवर व समुद्र यांना जोडणारा प्रवाह लांबत व उथळ होत गेला. भरतीचे पाणी पुरेसे आत येईना. क्षारता घटली, गोड्या पाण्यातील तण माजले, मासळी आटली. १९९३ मध्ये चिलिकाची नोंद धोक्यात आलेल्या पाणथळ जागांच्या यादीत झाली.

चिलिका विकास प्राधिकरणाने अभ्यासान्ती सातपाडाजवळ वाळूचा दांडा कापून २३ सप्टेंबर २००० रोजी नवे मुख उघडले. समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरने आखूड झाली. खारे पाणी आत येऊ लागताच गोड्या पाण्यातील तण हटू लागले. १९९९-२००० मध्ये सुमारे १,७५० टनांवर आलेले मासळीचे उत्पन्न २००१-०२ मध्ये सुमारे १२,००० टनांवर गेले. २००२ मध्ये चिलिकाचे नाव धोक्याच्या यादीतून वगळण्यात आले. पाणी सुधारले, की कोळ्याचे जाळे आणि पक्ष्याची चोच दोन्ही भरतात, हे यावरून दिसून येते.

गाळ येतो कोठून?

तथापि मुख उघडून काम संपत नाही. सरोवरात साचणारा गाळ म्हणजे वरच्या अंगाच्या डोंगरउतारांवरून व शेतांतून वाहून आलेली माती होय. शेताचा कस त्याबरोबर जातो आणि खाली पक्ष्याचे चरण्याचे ठिकाण बुजते. म्हणून चिलिकाच्या पाणलोट क्षेत्रातही गावकऱ्यांच्या सहभागाने मृदसंधारणाची कामे करण्यात आली.

पाण्याची खोलीही महत्त्वाची आहे. आखूड पायांचा पक्षी काठच्या ओल्या चिखलात कृमी-कीटक वेचतो, लांब पायांचा पक्षी गुडघाभर पाण्यात उतरतो. १५.५३ चौरस किलोमीटरचे नलबण बेट पावसाळ्यात पाण्याखाली असते. पाणी ओसरले, की हा चिखल उघडा पडतो आणि थवे तेथे उतरतात. हे बेट पक्षी अभयारण्य असून तेथे मासेमारीस मनाई आहे. बांबू, जाळी व मातीच्या बांधांनी केलेल्या कोळंबीच्या घेऱ्या मात्र पाण्याचा मार्ग अडवितात. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी चिलिकापासून १,००० मीटरच्या आत अशा कोळंबी-संवर्धनास बंदी केली. तरीही घेऱ्या हटविण्याच्या मोहिमा पुढे वारंवार काढाव्या लागल्या.

शिकारी झाले राखणदार

नुसत्या बंदीने जे साधत नाही, ते मंगळाजोडी गावाने साधले. सरोवराच्या उत्तर काठावरील या गावातील अनेक कुटुंबे एकेकाळी पक्षी मारून विकत असत. जाळी, बंदूक व विष यांमुळे पक्ष्यांची संख्या काही हजारांवर आली. २००० च्या सुमारास समजूत पटून गावकऱ्यांनी श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती स्थापिली. जे शिकारी पक्ष्यांच्या जागा व आवाज ओळखीत, तेच आता गस्त घालतात आणि पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवून चरितार्थ चालवितात. पक्ष्यांची संख्या पुन्हा लाखांच्या घरात गेली. संपूर्ण चिलिकात २०२३ च्या गणनेत ११ लाखांहून अधिक पक्षी आढळले. पोटाची सोय झाल्यावाचून गावाने शस्त्र टाकले नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्या गावी काय करावे?

याच जातींचे अनेक पक्षी महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, जायकवाडी व कोकणातील खाड्यांवर येतात. म्हणून पुढील गोष्टी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या मदतीने कराव्यात :

१. उतारावरील शेतांना समपातळीत बांध घालावेत. ओढ्याकाठचे गवत व झुडपे राखावीत.

२. कीटकनाशकाची फवारणी शिफारशीइतकीच करावी. पंप व डबे ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नयेत.

३. पाणथळ जागेत भराव टाकण्यापूर्वी तेथील पाणी कोठून येते व कोठे जाते, हे ग्रामसभेत विचारात घ्यावे.

४. पक्ष्यांची शिकार आढळल्यास वनखात्यास कळवावे. परंतु शिकाऱ्याला दुसरे काम मिळवून देण्याचाही प्रयत्न करावा.

शेताच्या बांधावर अडविलेली माती शेतकऱ्याचे पीक वाढविते, आणि खालच्या तळ्यात उतरणाऱ्या पाहुण्यासाठी जागाही राखून ठेवते.