जुईचा ज, यास्मिनचा य

रायगडातल्या ओवे गावात आमच्या शेजारी बारसं होतं. आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितलं, जास्मिन. पाळण्याची दोरी धरून बसलेल्या पणजीआजींनी विचारलं, "हे कुठलं फूल गं?" नातसून म्हणाली, "फ्रेंच नाव आहे, आजी."

आहेच. पण फ्रेंचांकडे ते आलं अरबीतून, आणि अरबीत फारसीतून. फारसीत यासमन, अरबीत यासमीन. फ्रेंचमध्ये आरंभीच्या य चा ज झाला. तिथे जास्मँ हे फुलाचं नाव पुल्लिंगी, मुलीसाठी शेवटी एक ई जोडून 'जास्मिन' होतं. आपल्याकडेही लिंग आडवं येतं. चाफा मुलीला चालत नाही, चंपा चालते. जाई, जुई, सायली, अबोली, शेवंती मुळातच स्त्रीलिंगी, म्हणून थेट पाळण्यात येतात. मोगरा एवढा लाडका, पण बाहेरच राहिला.

मला खरी मौज वाटते ती य आणि ज यांची. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तशीच संस्कृतातल्या यूथिकेची जुई. म्हणजे यासमीनची जास्मिन आणि यूथिकेची जुई, दोन्ही फुलं एकाच वळणाने गेली. जाईचं तसं नाही. ती जातीची जाई, तिचा ज मूळचाच.

यासमीन या नावाचा य जपणारी थोर बाई मराठीतच आहे. 'मराठी लेखन मार्गदर्शिका' आणि 'मराठी शब्दलेखनकोश' लिहिणाऱ्या यास्मिन शेख. १९२५ साली नाशिकला बेने इस्रायली ज्यू घरात जन्मल्या तेव्हा त्या जेरुशा रूबेन होत्या. हिब्रूतलं येरुशा युरोपातून फिरून जेरुशा झालेलं, म्हणजे तिथेही य चा ज. लग्नानंतर त्या यास्मिन झाल्या. बेने इस्रायली आपल्या रायगडचेच. पनवेलमध्ये त्यांचं बेथ एल सिनेगॉग आहे. आपलं ऱ्हस्व-दीर्घ ज्यांनी आयुष्यभर नीट केलं, त्यांच्या नावातच फारसी फूल आहे, याचा मला फार आनंद होतो.

आजींना उत्तर द्यायचं राहिलं होतं. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावी अत्तरासाठी जी जास्मिन लावतात, १९२१च्या 'शनेल नंबर फाइव्ह'मध्ये जिचा सुवास आहे, ती आपली जाईच. हे सांगितलं तशी आजींनी अंबाड्यातल्या गजऱ्यातून एक कळी सोडवली, तिची गुलाबी पाठ नातसुनेला दाखवली आणि बाळाच्या उशाशी ठेवली. तेव्हापासून त्या पणतीला जाई म्हणूनच हाक मारतात.