परदेशस्थ जोडीदाराकडे जाण्याच्या वाटा

विवाह ठरला, याद्या झाल्या, मुहूर्त निघाला, की घरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या डोक्यावरील निम्मा भार उतरतो, असा आपल्याकडील अनुभव आहे. परंतु वर अमेरिकेत आणि वधू इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा सातारा येथे असा योग आला, म्हणजे खरी चिंता मुहूर्त निघाल्यावरच सुरू होते. लग्न लागले तरी संसार केव्हा सुरू व्हावयाचा हे ठरविण्याचा अधिकार दोन्ही घरांपाशी राहत नाही. तो परक्या देशाच्या सरकारपाशी असतो. त्या सरकारने अशा जोडप्यांसाठी एकच दार ठेवलेले नाही, तीन-चार ठेवली आहेत. त्यांपैकी कोणत्या दाराशी उभे राहावयाचे हे बहुधा घाईने, कोणा ओळखीच्या माणसाच्या अनुभवावरून ठरविले जाते. परिणाम मात्र वर्षानुवर्षे भोगावे लागतात. म्हणून अमेरिकेचे उदाहरण घेऊन या दारांची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. सोयीसाठी येथे वर परदेशी व वधू स्वदेशी असे धरले आहे. परंतु उलट परिस्थितीतही नियम तेच आहेत.

भारतीयांना ही दारे पूर्वीपासून उघडी होती असे मात्र नव्हे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, भारतीय मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे, सबब त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. १९४६ च्या कायद्याने ती बंदी उठली, पण भारताच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या १०० जणांचा कोटा आला. १९६५ च्या कायद्याने हे राष्ट्रवार कोटे मोडीत काढले आणि कुटुंबाचे एकत्रीकरण हे तत्त्व स्थलांतराच्या धोरणात अग्रभागी आणले. आज ज्या वाटांचा विचार करावयाचा, त्यांचा मूळ नकाशा तेथे सापडतो.

अमेरिकेचा कायदा प्रथम एक प्रश्न विचारतो: बोलावणारा कोण? तो तेथील नागरिक आहे, कायमचा रहिवासी आहे, की केवळ नोकरीपुरता राहिलेला पाहुणा आहे? कायम रहिवासाच्या दाखल्याला बोलण्यात ‘ग्रीन कार्ड’ म्हणतात. तो जवळ असला म्हणजे माणूस नागरिक झाला, अशी समजूत आपल्याकडे सर्रास आढळते. ती चुकीची आहे, आणि पुष्कळ घोटाळ्यांचे मूळ तेथेच आहे.

वर नागरिक असेल तर त्याच्यापुढे दोन मुख्य वाटा असतात. पहिली वाट वाग्दत्त वधूची. १९७० च्या कायद्याने निर्माण झालेला हा व्हिसा ‘के-१’ या नावाने ओळखला जातो. त्यासाठी विवाह झालेला नसावा लागतो. मात्र अर्ज करण्यापूर्वीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. दूरध्वनीवरील किंवा पडद्यावरील भेट येथे चालत नाही. कुलाचार अथवा अत्यंत अडचण यांसाठी अपवाद आहे, परंतु त्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. वधू अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांच्या आत त्याच वराशी विवाह व्हावा लागतो. तो न झाल्यास तिने परत फिरले पाहिजे. दुसऱ्या कोणाशी विवाह करून तेथे राहण्याची सोय या व्हिसावर नाही.

दुसरी वाट विवाहितेची. विवाह आधी करावयाचा, मग पतीने पत्नीसाठी विनंती-अर्ज दाखल करावयाचा, आणि तो मंजूर झाल्यावर पत्नीने भारतातील अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन स्थलांतराचा व्हिसा घ्यावयाचा. नागरिकाच्या पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा लागू होत नाही. म्हणजे येथे चौकशीला वेळ लागतो, पण रांग अशी नसते.

या दोहोंत निवड कशी करावी? वाग्दत्ता लवकर पोचते, असे सांगितले जाते. कित्येक वेळा ते खरेही ठरते. परंतु ती पोचते तेव्हा तिच्या हाती कायम रहिवास नसतो. विवाहानंतर त्यासाठी तिला निराळा अर्ज आणि निराळी फी भरावी लागते. तो निकालात निघेपर्यंत वेगळा परवाना मिळाल्याशिवाय तिला नोकरी करता येत नाही, आणि पूर्वपरवानगीवाचून देशाबाहेर पाऊल टाकले तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. नागपुरात वडील अत्यवस्थ आहेत आणि मुलगी निघू शकत नाही, असा प्रसंग या वाटेवर येऊ शकतो. उलट, विवाहितेच्या वाटेने जाणारी स्त्री थोडी उशिरा पोचली, तरी विमानतळावर उतरताच कायम रहिवासी होते. दुसऱ्या दिवसापासून नोकरी करण्यास तिला मोकळीक असते, आणि माहेरी येऊन परत जाण्यासही. लग्न भारतात, आप्तांच्या देखत व्हावे अशी इच्छा असेल, तर ही दुसरी वाटच स्वाभाविक होय.

येथे आपल्या चालीरीतींमुळे एक विलक्षण पेच उद्भवतो. काही कुटुंबे घरच्या घरी विधिपूर्वक लग्न लावून घेतात, नोंदणी करीत नाहीत, आणि नोंदणी नाही म्हणजे कायद्याने लग्न नाही अशा समजुतीने वाग्दत्तेच्या व्हिसासाठी अर्ज करतात. परंतु १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विवाह पूर्ण होतो तो विधीने. जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथे सातवे पाऊल पडताच तो पूर्ण व बंधनकारक होतो. नोंदणी हा केवळ पुरावा. अशा वधूच्या छायाचित्रांत मंगलसूत्र आणि होमकुंड पाहून अधिकाऱ्याने, ‘तुम्ही विवाहितच आहात’ असे म्हटले, तर त्याच्याशी वाद घालता येत नाही. मग ती वाग्दत्ता ठरत नाही आणि पत्नी म्हणून अर्जच केलेला नसतो. सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. तात्पर्य, के-१ ची वाट धरावयाची असेल तर साखरपुड्यावरच थांबावे. गोव्यातील मंडळींनी अधिकच जपावे. तेथे नागरी निबंधकापुढील अंतिम सह्या झाल्या, की धार्मिक विधी बाकी असला तरी कायद्याच्या दृष्टीने विवाह झालेला असतो.

आता वर नागरिक नसून कायमचा रहिवासी असेल तर काय? त्याला वाग्दत्तेसाठी अर्ज करताच येत नाही. पत्नीसाठी करता येतो, परंतु या वर्गाला वार्षिक मर्यादा असल्यामुळे रांग लागते, आणि अलीकडे ती रांग काही वर्षांची झालेली आहे. पती नागरिक झाला, की पत्नी रांगेतून बाहेर पडून मर्यादा नसलेल्या वर्गात येते. पण नागरिकत्वासाठी सामान्यतः पाच वर्षे रहिवास व्हावा लागतो. मधल्या काळात ‘तोवर प्रवासी म्हणून चार महिने जाऊन येऊ’ हा उपाय सुचतो खरा. पण प्रवासी व्हिसा देणारा अधिकारी अर्जदार परत येणार नाही असे गृहीत धरूनच चालतो, आणि कायम रहिवासाचा अर्ज आधीच दाखल झाला असेल तर त्या गृहीताला बळकटीच येते.

या ठिकाणी एका तारखेचे महत्त्व सांगितले पाहिजे. नोकरीच्या आधारे कायम रहिवास मिळविणाऱ्याची पत्नी त्याच्याच अर्जाच्या आधारे, त्याच्याच क्रमांकावर जाऊ शकते; तो आधी तेथे स्थायिक झाला असला तरी मागाहून जाऊ शकते. अट एवढीच की, त्याला कायम रहिवास मिळाला त्या दिवशी विवाह झालेला असला पाहिजे. समजा, एका तरुणाला मार्चमध्ये तो दाखला मिळाला. त्याचा विवाह फेब्रुवारीत झाला असेल तर पत्नी त्याच्या पाठोपाठ जाऊ शकते. विवाह एप्रिलमध्ये झाला असेल तर तीच पत्नी वर्षांच्या रांगेत जाते. वर तोच, वधू तीच. दोन महिन्यांच्या अंतराने संसाराची पहिली काही वर्षे समुद्राच्या दोन तीरांवर जातात.

साहजिकच अशा वेळी, आधी कागदोपत्री नोंदणी करून ठेवू आणि लग्न सवडीने लावू, असा मोह होतो. त्यात मोठा धोका आहे. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, विधी झालेलेच नसतील तर हिंदू विवाह कायद्याखाली केवळ नोंदणीच्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही. व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून अशा नोंदणी करून घेण्याच्या प्रथेचा न्यायालयाने आवर्जून उल्लेख केला. घाई असेल तर घरगुती का होईना, खरा विधी करावा आणि मग नोंदणी करावी. अथवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आश्रय घ्यावा. तेथे विवाह अधिकाऱ्यापुढे होणारा विवाह स्वयंपूर्ण असतो. मात्र त्यासाठी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, हे वराच्या रजेचा हिशेब मांडताना विसरू नये.

तिसरा प्रकार नोकरीपुरत्या राहिलेल्या वराचा. ‘एच-१बी’ व्हिसावरील तंत्रज्ञाची पत्नी ‘एच-४’ व्हिसावर जाते. ही वाट सर्वांत जवळची, आणि म्हणून सर्वांत वर्दळीची. परंतु तिच्यावरून जाणाऱ्या स्त्रीला शिक्षण घेता येते, नोकरी सहसा करता येत नाही. मे २०१५ पासून त्यांतील काही स्त्रियांना नोकरीचा परवाना मिळू लागला. पण त्यासाठी पतीची कायम रहिवासाची वाटचाल एका ठराविक टप्प्यापर्यंत गेलेली असावी लागते. एका कंपनीच्या भारतातील शाखेतून तिकडील शाखेत बदलून गेलेल्यांच्या, म्हणजे ‘एल-१’ वाल्यांच्या, पत्नीची स्थिती बरी आहे. नोव्हेंबर २०२१ पासून तिला वेगळ्या परवान्याची गरज उरलेली नाही. इंजिनियर किंवा डॉक्टर झालेल्या मुलीला एच-४ वर पाठविताना तिची विद्या किती वर्षे स्वस्थ बसणार, हा प्रश्न लग्नाच्या बैठकीतच निघावयास हवा. शिवाय हा दर्जा सर्वस्वी पतीवर अवलंबून असतो. त्याची नोकरी सुटली तर दोघांनाही जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि घटस्फोट झाला तर तिचा आधारच संपतो.

आणखी एक अल्पपरिचित तरतूद आहे. नोकरीवर आधारलेल्या कायम रहिवासात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक जागा सामान्यतः जात नाहीत. म्हणून भारतीयांची रांग अतिदीर्घ आहे. पण रांग ठरते ती नागरिकत्वावरून नव्हे, जन्मभूमीवरून; आणि पती-पत्नींपैकी एकाच्या जन्मभूमीचा लाभ दुसऱ्याला घेता येतो. मस्कत किंवा कुवेत येथे जन्मलेल्या मराठी मुलीचा जन्मदाखला अशा वेळी पतीची कित्येक वर्षे वाचवू शकतो.

वाट कोणतीही असो, कायम रहिवास मिळताना विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर नागरिकाच्या पत्नीला प्रथम दोन वर्षांचा सशर्त दाखला मिळतो. खोट्या विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये ही योजना झाली. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करावयाचा असतो. पती सहीसाठी अडवू लागला, तर पत्नी निराधार मात्र नाही: विवाह सद्हेतूने झाला होता पण मोडला, अथवा तिचा छळ झाला, असे दाखविल्यास तिला एकटीला अर्ज करता येतो. नागरिकाच्या किंवा कायम रहिवाशाच्या छळलेल्या पत्नीला स्वतःच्या नावे अर्ज करण्याचा हक्क १९९४ च्या कायद्याने दिला आहे. एच-४ वरील स्त्रीला तो नाही. आपल्याकडेही राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसंबंधीच्या तक्रारींसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे.

आडवाटेचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. प्रवासी म्हणून जावयाचे, विमानतळावर ‘फिरावयास आलो’ म्हणून सांगावयाचे आणि तेथे लग्न करून राहावयाचे, हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु हेतू लपवून खोटे विधान केल्याचे ठरले, तर अमेरिकेचा कायदा त्या व्यक्तीला जन्मभर प्रवेशास अपात्र ठरवू शकतो. एका रांगेचा कंटाळा टाळण्यासाठी सगळीच दारे बंद करून घेण्यासारखे ते आहे.

तेव्हा निवड करताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. वराचा तेथील दर्जा आज नेमका कोणता, आणि तो केव्हा बदलणार आहे? विवाह कायद्याच्या दृष्टीने कोणत्या दिवशी पूर्ण होणार? आणि तेथे पोचल्यावर मुलीचा दर्जा तिचा स्वतःचा असेल की पतीच्या आधाराने टिकणारा? फी, नमुने आणि मुदती वरचेवर बदलतात; त्या अर्ज करतेवेळी अधिकृत ठिकाणी पाहाव्यात. वराने आपले कागद दाखविण्यास संकोच करू नये आणि वधूपक्षाने ते मागण्यास भीड धरू नये. पत्रिका जुळविताना जन्मवेळेचे मिनिटसुद्धा आपण सोडीत नाही. तीच काटेकोर दृष्टी या कागदांवरील तारखांकडे वळविली, तर पुष्कळ नवविवाहितांची ताटातूट टळेल.